गोल्डफिश 'संकट' घेऊन जात नाही: अकोला-अमरावतीच्या पाण्यात आणि उन्हात घरचे मासे कसे जगवायचे?

घरातला गोल्डफिश मेला की अनेक घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "घरावरचं संकट त्यानं स्वतःवर घेतलं." मग दुकानातून नवा मासा येतो, त्याच टाकीत सोडला जातो आणि पंधरा-वीस दिवसांत तोही जातो.

वास्तविक नीट ठेवलेला गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं आरामात जगतो. महिनाभरात मासा मरत असेल तर कारण बहुतेक वेळा त्या टाकीच्या पाण्यातच असतं आणि ते टाळता येतं.

वऱ्हाडात हा प्रश्न जास्त अवघड होतो. इथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, नळ रोज येत नाही आणि पूर्णा नदीच्या खोऱ्यात बोअरचं पाणी खारट लागतं. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले थंड देशांतल्या, चोवीस तास मऊ पाणी मिळणाऱ्या घरांसाठी लिहिलेले असतात. अकोला-अमरावतीत मासे पाळायचे तर काय वेगळं करावं लागतं, ते समजून घेऊया.

नव्या टाकीतले मासे पहिल्याच महिन्यात का मरतात?

मासा पाण्यातच श्वास घेतो, पाण्यातच खातो आणि पाण्यातच विष्ठा टाकतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेलं खाद्य कुजलं की त्यात भर पडते. नदीत हा अमोनिया प्रचंड पाण्यात विरून जातो. पन्नास लिटरच्या टाकीत तो साठत राहतो आणि माशाचे कल्ले जाळतो.

निसर्गाने यावर एक व्यवस्था केलेली आहे. काही जिवाणू अमोनियाचं रूपांतर नायट्राइटमध्ये करतात. नायट्राइटही विषारीच असतं, पण दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच सौम्य असतं आणि पाणी बदललं की निघून जातं. याला नायट्रोजन चक्र म्हणतात. हे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि तळाच्या खडीवर राहतात.

अडचण अशी की नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. त्यांची पुरेशी वस्ती तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. सकाळी टाकी, संध्याकाळी दहा मासे, असं केलं की अमोनिया वाढत जातो आणि तो पचवणारं कोणीच नसतं. पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ दिसतं. त्यामुळे पाण्यावर संशयच जात नाही.

यात वऱ्हाडासाठी एक महत्त्वाची गोष्ट आहे. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी किती भाग विषारी रूपात असेल हे पीएच आणि तापमानावर ठरतं. पीएच ७ आणि तापमान २५ अंश असेल तर विषारी भाग जेमतेम अर्धा टक्का असतो. पीएच ८ झाला तर तो ५ टक्क्यांच्या पुढे जातो, म्हणजे जवळपास दहापट. त्यात तापमान ३० अंश झालं तर साडेसात टक्क्यांच्या आसपास. काळ्या पाषाणातून, म्हणजे बेसाल्टमधून येणारं पाणी बहुधा अल्कधर्मी असतं आणि उन्हाळा तर आहेच. त्यामुळे थंड, मऊ पाण्याच्या गावात जी चूक खपून जाते, ती इथे माशाच्या जिवावर बेतते.

वऱ्हाडचं पाणी नेमकं कसं आहे?

टाकीत कोणतं पाणी जाणार यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. इथल्या घरांत साधारण तीन प्रकारचं पाणी येतं.

पहिलं, नळाचं. अकोला शहराला महान इथल्या काटेपूर्णा धरणातून पाणी मिळतं, तर अमरावतीला मोर्शीजवळच्या सिंभोरा इथल्या ऊर्ध्व वर्धा, म्हणजे अप्पर वर्धा धरणातून. धरणाचं पाणी तुलनेने गोडं असतं, म्हणून माशांसाठी तेच सगळ्यात सोयीचं. पण त्यात क्लोरीन असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ग्राहकापर्यंत पोहोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावं लागतं. माणसाला ते सुरक्षित आहे, माशाच्या नाजूक कल्ल्यांना नाही. खेड्यात टाकीत टीसीएल पावडर टाकली जाते, तिथे क्लोरीनचं प्रमाण रोज सारखं असेलच असं नाही.

दुसरं, बोअरचं किंवा विहिरीचं. यात क्लोरीन नसतं, पण क्षार असतात. बादलीच्या कडेला आणि नळाच्या तोटीवर जो पांढरा थर बसतो, तोच टाकीच्या काचेवरही बसतो.

तिसरं, खारपाणपट्ट्यातलं. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पूर्णा नदीच्या गाळाच्या खोऱ्यात भूजल खारट आहे. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांतल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. या पाण्यावर पीक घेणं अवघड, ते पिणंही अवघड. मासे ठेवता येतात, पण निवडक आणि हिशेबाने.

पाणी कसं आहे ते कळण्यासाठी टीडीएस मीटर पुरतो. घरी आरओ लावणाऱ्या कारागिराकडे तो असतो. टीडीएस म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. पिण्यासाठी ५०० मिलिग्रॅमपर्यंतचा टीडीएस योग्य मानला जातो, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. माशांसाठी ढोबळ हिशेब असा ठेवा:

• ५०० च्या आत: दुकानात मिळणारे बहुतेक सामान्य मासे चालतात.
• ५०० ते १,०००: गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल आणि गोल्डफिश यांच्यापुरतं ठेवा.
• १,००० च्या पुढे: आरओचं पाणी मिसळून टीडीएस खाली आणा.

मिसळण्याचं गणित सोपं आहे. बोअरचा टीडीएस १,२०० आणि आरओचा ५० असेल, तर अर्धं-अर्धं पाणी घेतल्यावर मिश्रणाचा टीडीएस ६२५ च्या आसपास येतो. नुसत्या आरओच्या पाण्यात मात्र मासे ठेवू नका. त्यात क्षार जवळपास नसतात आणि पीएच अचानक घसरू शकतो. टीडीएस मीटर क्षार किती आहेत एवढंच सांगतो, कोणते आहेत ते सांगत नाही, हेही लक्षात ठेवा.

मग कोणते मासे घ्यावेत?

दुकानात आधी रंग डोळ्यात भरतो. पण आपल्या पाण्याला शोभेल असा मासा निवडला तर निम्मी मेहनत वाचते.

गप्पी: डासांच्या अळ्या खातो म्हणून हिवताप विभाग हाच मासा पाण्याच्या टाक्यांत सोडतो. मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला आणि त्रिनिदाद बेटावरचा. जड पाणी त्याला मानवतं, ऊनही बऱ्यापैकी सोसतो. नवशिक्यांनी इथून सुरुवात करावी.

मॉली: खारपाणपट्ट्यातल्या घरासाठी सगळ्यात योग्य. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या किनारी भागात हा मासा निमखाऱ्या पाण्यातही राहतो. जड आणि थोडं खारट पाणी त्याला उलट बरं वाटतं. मऊ पाण्यात तो आजारी पडतो.

प्लॅटी आणि स्वोर्डटेल: मॉलीचेच नातेवाईक. जड पाण्यात खुश.

गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे सगळे अंडी न घालता थेट पिल्लं देतात. मादी एकदा मिलन झालं की शुक्रजंतू साठवून ठेवते आणि नर नसतानाही पुढचे काही महिने पिल्लं देत राहते. त्यामुळे चार मासे आणले आणि सहा महिन्यांत चाळीस झाले, हे अजिबात नवलाचं नाही. पिल्लं नको असतील तर फक्त नर घ्या.

गुरामी आणि बेटा (फायटर): या माशांना कल्ल्यांखेरीज हवेतून थेट श्वास घेणारा एक खास अवयव असतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी झाला तरी ते वर येऊन हवा घेतात. ड्वार्फ गुरामी तर आपल्याच देशातल्या गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. पण 'हवा घेतो म्हणून पेल्यात राहतो' हा गैरसमज आहे. बेटालाही निदान २० लिटर पाणी आणि झाकण लागतं. दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात.

झेब्रा डॅनिओ: भारतीय उपखंडातलाच काटक, चपळ मासा. हिवाळ्याचा गारवा चांगला सोसतो. थव्याने राहतो, म्हणून सहापेक्षा कमी घेऊ नका. उड्या मारतो, म्हणून वर जाळी हवी.

गोल्डफिश: सगळ्यात जास्त विकला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकीचा ठेवला जाणारा. हा थंड पाण्यातला मासा आहे, त्याला १८ ते २४ अंश तापमान आवडतं. खातो खूप, घाण खूप करतो, प्राणवायूही जास्त लागतो. दोन गोल्डफिशसाठी १०० लिटरची टाकी आणि उन्हाळ्यात गारवा देता येणार असेल तरच घ्यावा.

निऑन टेट्रा आणि डिस्कस: अॅमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातले मासे. इथल्या जड पाण्यात ते फार काळ तग धरत नाहीत. सुरुवातीला टाळा.

आणखी एक. निळ्या-गुलाबी रंगाच्या पट्ट्यांचे पारदर्शक ग्लासफिश दिसले तर घेऊ नका. तो रंग सुईने शरीरात टोचलेला असतो. मूळ ग्लासफिश आपल्याकडच्याच नद्यांत सापडतो आणि त्याला असा कुठलाही रंग नसतो.

किती मोठी टाकी, किती मासे?

लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि १,००० ने भागा, म्हणजे लिटर मिळतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी ५४ लिटरच्या आसपास भरते. सुरुवातीला हा आकार उत्तम. पाणी, काच आणि खडी मिळून वजन ७० किलोच्या पुढे जातं, त्यामुळे ती टीपॉयवर ठेवू नका.

या टाकीत सात-आठ गप्पी किंवा चार-पाच मॉली पुरेसे. मोठी टाकी परवडत नाही म्हणून लहान घेणं उलट अंगाशी येतं. पाणी जितकं कमी, तितकं ते लवकर तापतं आणि लवकर बिघडतं.

गोल काचेच्या भांड्यात तर माशांना ठेवूच नये. त्यात फिल्टर बसत नाही आणि तोंड अरुंद असल्याने हवेतला प्राणवायू पाण्यात कमी मिसळतो. इटलीतल्या रोम शहराने २००५ मध्ये गोल्डफिशसाठी अशा भांड्यांवर बंदीच घातली.

वास्तू किंवा फेंगशुईसाठी आठ सोनेरी आणि एक काळा, असे नऊ गोल्डफिश घेण्याची पद्धत आहे. श्रद्धा ज्याची त्याची. पण नऊ गोल्डफिशना साधारण ४०० लिटर पाणी लागतं. दीड फुटाच्या टाकीत नऊ मासे कोंबले तर त्यांचं आयुष्य काही आठवड्यांचंच राहतं. नऊचा आकडा पाळायचाच असेल तर मध्यम टाकीत नऊ गप्पी सुखाने राहतात.

मे महिन्यात टाकी कशी वाचवायची?

मे २०२४ च्या अखेरीस अकोल्यात उष्णतेची लाट एवढी तीव्र होती की जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लागू केलं होतं. माणसाला सावलीत जाता येतं, पाणी पिता येतं. टाकीतल्या माशाला तापलेल्या पाण्यातच राहावं लागतं.

गरम पाण्याची दुहेरी मार असते. पाणी जितकं तापतं, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३५ अंशांच्या पाण्यात साधारण ७. त्याच वेळी माशाचं शरीर वेगाने चालू लागतं आणि त्याची प्राणवायूची गरज वाढते. पहाटे मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकताना दिसले तर समजावं की प्राणवायू संपत आलाय.

उपाय फार खर्चिक नाहीत:

• जागा बदला. वरच्या मजल्यावरच्या स्लॅबखालच्या आणि पश्चिमेच्या भिंतीजवळच्या खोलीतून टाकी हलवा. खिडकीतून ऊन थेट पडता कामा नये. हे काम मार्चमध्येच करा, भरलेली टाकी उचलता येत नाही.

• काचेचं झाकण काढून जाळी लावा आणि लहान पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा. बाष्पीभवनामुळे पाणी दोन ते चार अंशांनी उतरतं. माठातलं पाणी गार होतं, तेच हे तत्त्व.

• कूलर असलेल्या खोलीत खिडकी उघडी ठेवा. कूलरमुळे हवा गार होते, पण दमटही होते. खोली बंद असेल तर दमट हवेत टाकीवरचं बाष्पीभवन मंदावतं आणि पंख्याचा उपयोग कमी होतो.

• एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. टाकीत झाडं असतील तर रात्रीही, कारण अंधारात झाडंसुद्धा प्राणवायू वापरतात.

• दिवा कमी वेळ लावा आणि खाद्य निम्मं करा.

• पाणी ३३-३४ अंशांवर गेलं तर गोठवलेली अर्धा लिटरची बंद बाटली तरंगत ठेवा. थेट बर्फ टाकू नका. एकदम सात-आठ अंशांचा फरक पडला तर उन्हापेक्षा त्यानेच मासे दगावतात. तासाला एखाद-दुसरा अंश उतरला तरी पुरे.

उन्हाळ्यात रोज पाणी कमी होतं, ते भरताना एक चूक नेहमी होते. वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार टाकीतच राहतात. त्यात पुन्हा बोअरचं पाणी ओतलं की क्षार दिवसेंदिवस वाढत जातात. म्हणून कमी झालेलं पाणी भरताना आरओचं पाणी वापरा.

नवे मासे मात्र एप्रिल-मे महिन्यांत आणूच नका. रंगीत माशांच्या उत्पादनाची मोठी केंद्रं कोलकाता आणि चेन्नई परिसरात आहेत. पिशवीत बंद होऊन लांबचा प्रवास केलेला मासा उन्हाळ्यात आधीच थकलेला असतो. पावसाळा स्थिरावल्यावर किंवा दिवाळीनंतर खरेदी करणं चांगलं.

नळ रोज येत नाही, मग पाणी कसं बदलायचं?

आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदलणं हा माशांच्या देखभालीचा कणा आहे. अमरावतीत एक दिवसाआड आणि अकोल्यात काही दिवसांच्या अंतराने नळ येतो, तेव्हा हे पाणी चैन वाटू शकतं. हिशेब करून पाहा. ५४ लिटरच्या टाकीचं २५ टक्के म्हणजे साडेतेरा लिटर, आठवड्याला एक बादलीही नाही. घरचा कूलर एका दिवसात याहून जास्त पाणी पितो.

नळ येईल त्या दिवशी एक बादली माशांसाठी वेगळी भरून ठेवा. तोंडाला सुती कापड बांधा, म्हणजे क्लोरीन उडून जातं आणि डासांची अंडीही पडत नाहीत. २४ तासांनी ते पाणी वापरण्याजोगं होतं. घाई असेल तर दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पाकिटावरच्या प्रमाणात टाका. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी कधीही वापरू नका, ते हाताला चटका बसेल इतकं तापलेलं असतं.

टाकी पूर्ण रिकामी करून, खडी साबणाने घासून पुन्हा भरण्याची सवय अनेक घरांत आहे. असं केलं की सहा आठवड्यांत जमवलेले जिवाणू एका सकाळी संपतात आणि अमोनियाचा खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. फिल्टरचा स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा, नळाखाली धरू नका.

काढलेलं पाणी मोरीत ओतू नका. त्यात नायट्रेट असतं, म्हणजे झाडांसाठी खतच. परसबागेतल्या मोगऱ्याला, कढीपत्त्याला ते चांगलं मानवतं. खारपाणपट्ट्यातलं पाणी असेल तर मात्र कुंडीत वारंवार टाकू नका, मातीत मीठ साठतं.

लाइट गेली तर?

उन्हाळ्यात लाइट जाणं हे टाकीवरचं मोठं संकट. फिल्टर बंद पडला की माशांना प्राणवायू मिळेनासा होतो आणि काही तासांनी फिल्टरमधले जिवाणूही गुदमरू लागतात.

बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घेऊन ठेवावा. इन्व्हर्टर असेल तर एअर पंपाचं बटण त्यावर घ्या, त्याला वीज अगदी कमी लागते. यातलं काहीच नसेल तर दर दहा-पंधरा मिनिटांनी मगभर पाणी काढून उंचावरून त्याच टाकीत ओतत राहा. लाइट गेलेली असताना खाद्य देऊ नका.

विजेची सावधगिरीही हवी. टाकीत हात घालण्याआधी सगळे प्लग काढा. वायर बोर्डाकडे जाताना मध्ये खाली झोळ येईल अशी सोडा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत जात नाही.

किती खायला घालायचं?

दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत फस्त होईल एवढंच. मासे काचेजवळ येऊन तोंड हलवतात म्हणजे ते उपाशी आहेत असं नाही, माणूस दिसला की खाणं मिळतं हे ते शिकलेले असतात. पोळी, ब्रेड, बिस्किट, मुरमुरे टाकू नका. ते कुजतात आणि अमोनिया वाढवतात.

लग्नाला किंवा सुट्टीत आठवडाभर गावाला जायचं असेल तर मोठे, निरोगी मासे न खाताही राहतात. शेजाऱ्यांच्या हातात अख्खा डबा देऊन जाणं जास्त धोक्याचं. द्यायचंच असेल तर कागदाच्या पुड्या बांधून द्या, दोन दिवसांनी एक पुडी.

हिवाळ्यात अंगावर पांढरे ठिपके का येतात?

वऱ्हाडात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच थंड असतात. दुपार आणि पहाट यांच्यातला फरक मोठा असला की माशांची प्रतिकारशक्ती कमी होते आणि अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसतात. हा 'इक' नावाच्या परजीवीचा आजार. लिटरमागे साधारण एक वॉट या हिशेबाने, म्हणजे ५४ लिटरला ५० वॉटचा, थर्मोस्टॅट असलेला हीटर लावला तर तो बराचसा टळतो.

आजार दिसलाच तर तापमान हळूहळू २८ ते ३० अंशांपर्यंत न्या, हवा वाढवा आणि दुकानातलं इकवरचं औषध सांगितलेल्या प्रमाणात, पूर्ण दिवस द्या. घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून टाकू नका. त्यांनी हा परजीवी मरत नाही, उपयोगी जिवाणू मात्र मरतात.

नको झालेले मासे तलावात सोडले तर?

मासे वाढले, कंटाळा आला किंवा बदली झाली की अनेक जण 'जीव वाचवतो' या भावनेने ते तलावात सोडतात. अमरावतीत वडाळी तलाव आणि छत्री तलाव जवळ आहेत, पण तिथे मासे सोडू नयेत.

काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा याचं ठळक उदाहरण. दुकानात तो बोटाएवढा असतो, पुढे फूटभराहून मोठा होतो. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा भारतातल्या अनेक नद्या-तलावांत पसरलाय. सोलापूर-पुणे सीमेवरच्या उजनी जलाशयात तो मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला. त्याच्या अंगावरच्या टणक, काटेरी कवचामुळे जाळी फाटतात, बाजारात त्याला भाव नाही आणि त्याला खाणारे शत्रूही इथे कमी आहेत. कोणीतरी दयेपोटी सोडलेल्या माशाची किंमत मासेमारीवर जगणारं कुटुंब मोजतं. गप्पीही घरून नेऊन ओढ्यात सोडू नका. ते कुठे सोडायचे हे हिवताप विभागाला ठरवू द्या.

नको असलेले मासे दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या मासेपालकाला द्या. उलट दिशेनेही हेच लागू होतं. मेळघाटातल्या सिपना, गडगा यांसारख्या नद्यांत सुंदर छोटे मासे दिसतात, पण व्याघ्र प्रकल्पाच्या संरक्षित क्षेत्रातून मासे पकडून आणणं हा गुन्हा आहे.

घरी गप्पी, मॉली, गोल्डफिश ठेवायला परवाना लागत नाही. आशियाई अरोवानासारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या प्रजातींची मात्र २०२२ च्या वन्यजीव कायद्यातल्या दुरुस्तीनंतर नोंदणी करावी लागते. 'लकी फिश' म्हणून महागडा अरोवाना घेण्याआधी कागदपत्रं पाहा.

पहिले सहा आठवडे: थोडक्यात वेळापत्रक

• आठवडा १: पाण्याचा टीडीएस तपासा. टाकी भरा, क्लोरीन घालवा, फिल्टर सुरू करा. मासे नाहीत. रोज चिमूटभर खाद्य टाका, ते कुजून जिवाणूंना अन्न मिळतं. ओळखीच्या कोणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा स्पंजाचा तुकडा मागून आणा, काम लवकर होतं.

• आठवडा २ ते ४: फिल्टर बंद करू नका. अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचं किट मिळालं तर आठवड्यातून दोनदा वापरा. दोन्ही आधी वाढतात, मग उतरतात.

• आठवडा ५: दोन्ही शून्यावर आले की दोन-तीन मासे आणा. पिशवी टाकीत १५-२० मिनिटं तरंगू द्या, मग थोडं-थोडं टाकीतलं पाणी पिशवीत घाला. शेवटी मासे जाळीने सोडा, पिशवीतलं पाणी ओतू नका.

• आठवडा ६: सगळं ठीक असेल तर आणखी दोन-तीन मासे. आठवड्याला एक बादली पाणी बदलण्याचा दिवस ठरवा, शक्यतो नळ आल्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

या काळात मासा वर येऊन धापा टाकू लागला, कल्ले लालभडक दिसले किंवा तो तळाशी निपचित पडला, तर खाद्य बंद करा आणि क्लोरीन घालवलेल्या, तेवढ्याच तापमानाच्या पाण्याने एक तृतीयांश पाणी लगेच बदला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करा. आणि मासा मेलाच, तर नवा आणायच्या आधी पाणी तपासा.